कुमक म्हणजे फूस नव्हे

खानापूरच्या एका ताईंनी विचारलंय: मुलीनं 2003 च्या इराक युद्धावर निबंध लिहिला. त्यात 'फ्रान्स आणि जर्मनीने अमेरिकेला कुमक दिली नाही, तुर्कस्ताननेही कुमक नाकारली' अशी वाक्यं होती. घरातल्या मोठ्या माणसांनी ती खोडली. कुमक म्हणजे भांडणाला दिलेली फूस, ती देशांना कशी लावायची, असं त्यांचं म्हणणं. शिवाय 'दोस्त राष्ट्रे' म्हणायचं की 'मित्र राष्ट्रे'?

दुसऱ्या प्रश्नाचं आधी उरकतो. दोन्ही बरोबर. महायुद्धांबद्दल लिहिताना 'दोस्त राष्ट्रे' जास्त रुळलंय, एवढंच.

आता कुमक. ताई, खोडणाऱ्यांचं चुकलं. पण ही चूक त्यांची एकट्याची नाही, सगळ्या बेळगावात पसरलीय. परवाच खडेबाजारात दोघांची दुकानापुढच्या गाडीवरून जुंपली होती. बघ्यांतला एक जण म्हणाला, "कोण तरी कुमक दिल्यात बघ त्येला, म्हणून एवढं बोलालाय!" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. भांडण लावून देणाऱ्याला मराठीत फूस आहे, चिथावणी आहे, भर आहे, 'हरभऱ्याच्या झाडावर चढवणं' आहे. एवढे शब्द हाताशी असताना एका चांगल्या शब्दाचं नाव का घालवायचं?

अर्थ बिघडला तो शेजारून. कन्नड पेपर उघडा. 'कुम्मक्कु' हा शब्द मथळ्यात दिसेल आणि बहुतेक वेळा गुन्ह्याला, दंग्याला, अतिरेक्यांना आतून दिलेली साथ याच अर्थानं. कन्नडमध्ये तो अर्थ पक्का आहे, त्यांनी तो खुशाल वापरावा. आपण दोन्ही भाषा एकाच तोंडानं बोलतो, म्हणून तो अर्थ मराठीत उतरला.

आमच्या ओळखीचे एक कन्नड जाणकार ठासून सांगतात की 'कुम्मक्कु' मूळचा कन्नडच, 'कुम्मु' म्हणजे कांडणे, त्यावरून आलेला. मला हे अजिबात पटत नाही. कांडण्यातून मदत कशी निघाली, हे ते कधीच सांगत नाहीत. मराठी कोशकारही बहुतेक 'फारसी' असा शिक्का मारून मोकळे होतात. फारसी हे नुसतं वाटेतलं ठाणं. शब्द तुर्की कुळातला. मदतीला कझाकमध्ये आजही 'कोमेक' म्हणतात, उझबेकमध्ये 'कोमाक', अझरबैजानीत 'क्योमेक'. मध्य आशियातून घोडेस्वारांबरोबर निघालेला हा शब्द फारसीतून दख्खनेत आला आणि आपल्या दारात पोचला. खुद्द तुर्कस्तानात मात्र आज मदतीला 'यार्दिम' म्हणतात!

मूळ अर्थ नुसता मदत, याचा पुरावा लांब नाही, आपल्याच राज्यात आहे. रानटी हत्ती पकडायला किंवा हुसकायला जे शिकवलेले हत्ती नेतात, ते 'कुमकी' हत्ती. चंदगड-खानापूरच्या ऊस-भातात हत्ती शिरायला लागल्यापासून हा शब्द आपल्याकडेही कानावर येतो. तो हत्ती कुणाला चिथावतो का? माणसाच्या मदतीला येतो, म्हणून कुमकी. आणि दक्षिण कन्नड जिल्ह्यात 'कुम्की' जमीन असते. आपल्या लागवडीच्या जमिनीलगतची, 450 यार्डांच्या आतली सरकारी जमीन. तिथून शेतकऱ्यानं पालापाचोळा, जळण घ्यायचं, गुरं चारायची. शेतीला मदत करणारी, म्हणून कुम्की. इथं कांडणं कुठं बसतं, ते त्या जाणकारांनी दाखवावं.

मग मदतीची फूस कशी झाली? माझं मत ठाम आहे. किल्ल्यात अडकलेल्याला जी कुमक, तीच वेढा घालणाऱ्याला कुम्मक्कु. हा एव्हाना शरण आला असता, पण कुणीतरी मागून बळ दिलं! मराठीनं आतल्याची बाजू जपली, कन्नडनं बाहेरच्याची.

आतल्याची बाजू आपल्याला कळायलाच हवी. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे. मराठा पलटणी पहिल्या महायुद्धात आजच्या इराकमधल्या कुत शहरात अडकल्या होत्या, डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916. वेढा तुर्कांचा. सोडवायला बाहेरून फौजा एकामागून एक आल्या आणि अडल्या. त्या प्रयत्नांत 20 हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. कुमक पोचली नाही, धान्य संपलं आणि सुमारे 13 हजार जण शरण गेले. जवळजवळ पाच महिने ते जिची वाट बघत होते, ती कुमक. तिला फूस म्हणताना जीभ अडखळायला पाहिजे.

म्हणून कुमक म्हणजे लढायला बाहेरून आलेली माणसं. धान्य-दारूगोळा ती रसद. 2003 मध्ये ब्रिटननं 45 हजारांच्या आसपास सैनिक पाठवले, ती कुमक. फ्रान्स, जर्मनी, कॅनडा हे अमेरिकेचे नाटोमधले जुने साथी, त्यांनी ती दिली नाही. अमेरिकेनं भारताकडेही उत्तर इराकसाठी सुमारे 17 हजारांची डिव्हिजन मागितली होती. 14 जुलै 2003 ला आपण नाही म्हटलं. तीही नाकारलेली कुमकच.

तुर्कस्तानचं वेगळं. तिथं मुख्य मागणी होती 62 हजार अमेरिकी सैनिकांना उतरू देण्याची, उत्तरेकडून इराकवर जायला. 1 मार्च 2003 ला त्यांच्या संसदेत मतदान झालं: बाजूनं 264, विरोधात 250, तटस्थ 19. हो म्हणणारे जास्त, तरी ठराव पडला, कारण हजर 533 जणांचं बहुमत 267 होतं. तीन मतं कमी पडली. सामान भरून थांबलेली अमेरिकी जहाजं सुएझमार्गे कुवेतला वळवावी लागली.

तेव्हा ताई, मुलीचं पहिलं वाक्य तसंच राहू द्या. दुसऱ्यात एकच शब्द बदला: तुर्कस्ताननं वाट नाकारली.