गॅस सेन्सर: आधी हीटरचं बघा

एमक्यू-२ हा तयार मिळणारा गॅस सेन्सर लावला की पाच मिनिटांत त्याची जाळी हाताला चटका देते. पीस खराब निघाला का? (सांगली, डिप्लोमाची विद्यार्थिनी)

गार राहिला असता तर खराब म्हटलं असतं. आत सिरॅमिकच्या नळीवर टिन ऑक्साईडचा थर असतो आणि नळीत साधारण ३३ ओहमचा हीटर. ५ व्होल्ट दिले की तो पाऊण वॅट खातो. तापलेल्या टिन ऑक्साईडवर हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि थरातले इलेक्ट्रॉन अडकवून ठेवतो, म्हणून स्वच्छ हवेत रोध जास्त. एलपीजी आला की तो या ऑक्सिजनशी संयोग पावतो, इलेक्ट्रॉन सुटतात, रोध घसरतो. हे सगळं २०० ते ४०० अंशांच्या पट्ट्यात नीट चालतं. त्याखाली प्रक्रिया रेंगाळते आणि हवेतली वाफ थरावर बसून राहते. जपानमध्ये नाओयोशी तागुची यांनी १९६२ साली ज्याच्या पेटंटचा अर्ज केला, तेच हे तत्त्व. नवा सेन्सर निदान २४ तास तापवत ठेवा आणि मगच आकडे लिहायला घ्या. पहिल्या तासाचे आकडे घेऊन केलेले प्रोजेक्ट परीक्षेच्या दिवशी हमखास दगा देतात.

अ‍ॅल्युमिनाच्या (एक सिरॅमिक) ३ × ३ मिमी चकतीवर स्वतःचा सेन्सर छापायचा आहे. पुढे टिन ऑक्साईडचा थर आणि त्याचा रोध मोजायला इलेक्ट्रोड, मागे प्लॅटिनमचा हीटर. आखणी कशी करू? (नाशिक, एम.टेक.)

तुम्ही इलेक्ट्रोडचं चित्र पाठवलंत, हीटरचं नाही. बहुतेकांचं असंच होतं. सुरुवात उलटी करा, हीटरपासून.

चकतीच्या कडा जास्त उष्णता गमावतात, त्यामुळे सारख्या रुंदीची नागमोडी पट्टी काढलीत तर मध्य तापतो आणि कडा मागे राहतात. प्रवाह सगळीकडून तोच वाहतो, तेव्हा कडेच्या फेऱ्यांची पट्टी थोडी अरुंद करा. तिथे रोध वाढतो आणि उष्णताही. वळणं गोल ठेवा. काटकोनी वळणाच्या आतल्या बाजूला प्रवाह दाटतो आणि हीटर जळायचा असला तर तिथेच जळतो.

आता हिशोब. गार असताना हीटर १० ओहमचा धरू. छापलेल्या प्लॅटिनमचा तापमान गुणांक (दर अंशाला रोध किती पटीने वाढतो तो आकडा) शुद्ध तारेपेक्षा कमी भरतो, ०.००३५ घेऊ. २५ वरून ३२५ अंशांवर जाताना रोध १० × (१ + ०.००३५ × ३००), म्हणजे २०.५ ओहम होईल. अर्धा वॅट लागतो असं समजलं तर ३.२ व्होल्ट पुरतात आणि प्रवाह १५६ मिलिअँपिअर. पण बटण दाबताक्षणी हीटर गार असतो, तेव्हा प्रवाह दुप्पट, ३२० मिलिअँपिअर. सर्किट या आकड्यावर बेता. आणि स्थिर प्रवाह देऊ नका: तापेल तसा रोध वाढतो, रोधाबरोबर वॅटही चढतात. स्थिर व्होल्टेजवर उलट होतं, हीटर स्वतःच स्वतःला आवरतो.

हा रोध म्हणजे तुमचा फुकटचा थर्मामीटर. मात्र चार तारांनी मोजा (दोन प्रवाहाला, दोन व्होल्टेज मोजायला), नाहीतर जोडतारांचा रोधही त्यात मिसळतो. गुणांक पुस्तकातून उचलू नका. चकती ओव्हनमध्ये ठेवून तीन-चार तापमानांना रोध मोजा आणि स्वतःचा गुणांक काढा.

इलेक्ट्रोड एकमेकांत अडकवलेल्या दोन कंगव्यांसारखे हवेत. सहा दाते, प्रत्येक ०.२ मिमी, मधल्या पाच फटीही ०.२ मिमी: एकूण रुंदी २.२ मिमी, म्हणजे थंड कडा आपोआप बाहेर राहते. दाते १.५ मिमी समोरासमोर येत असतील तर थराचा एकूण मार्ग ७.५ मिमी रुंद आणि ०.२ मिमी लांब झाला. थराचा रोध प्रति चौकोन (म्हणजे लांबी-रुंदी सारखी असलेल्या तुकड्याचा) १० मेगाओहम असला तरी हाती येतो फक्त २६७ किलोओहम, जो साधा मायक्रोकंट्रोलरही सहज वाचतो.

शेवटचं: चकती पीसीबीवर (सर्किटच्या पाटीवर) चिकटवू नका. पीसीबी करपेल आणि निम्मी उष्णता तिच्यात जाईल. बारीक प्लॅटिनम तारांवर अधांतरी टांगा.

इलेक्ट्रोडला चांदीची पेस्ट चालेल का? सोनं परवडत नाही. (कोल्हापूर)

पहिल्या चाचणीला चालेल, विकायच्या मालाला नाही. उष्णता, ओलावा आणि व्होल्टेज एकत्र आले की चांदी फटीत सरकत जाते आणि रोध महिन्यागणिक ढळतो. सोनं किंवा प्लॅटिनम वापरा, पातळ छापा. एवढ्याशा चकतीला पेस्ट लागते तरी किती! पातळ फिल्म चढवणार असाल तर सोनं धरून राहावं म्हणून त्याखाली क्रोमियम घालू नका, तापल्यावर ते सोन्यात मुरतं.

हीटर चालू असला की वाचन थरथरतं. (पुणे)

हीटरच्या पीडब्ल्यूएमचा (भराभर चालू-बंद करून वीज देण्याचा) गोंगाट इलेक्ट्रोडमध्ये शिरतोय. हीटर क्षणभर बंद असेल तेव्हाच वाचन घ्या. हीटर आणि इलेक्ट्रोड दोघांची ग्राउंडची तार वेगळी काढा, पुरवठ्यापाशीच जोडा.

घरचा गॅस अलार्म मेकॅनिकने छताजवळ बसवला. बरोबर आहे का? (ठाणे, गृहिणी)

ताई, सिलेंडर वापरत असाल तर चूक. एलपीजी हवेपेक्षा जड, तो फरशीवर पसरतो. अलार्म जमिनीपासून फूटभर उंचीवर हवा. पाइपचा गॅस असेल तर तो बहुतांशी मिथेन, हलका, तेव्हा छताजवळचं ठीक. शेगडीच्या अगदी डोक्यावर मात्र नको, फोडणीच्या धुरालाही तो ओरडेल. आणि त्याच्या आसपास सिलिकॉनचा स्प्रे मारू नका, त्याच्या वाफेने सेन्सर कायमचा बहिरा होतो.