नवा फोन घेतला, जुना पुसला आणि खाते बंद झाले : माझा अनुभव आणि उत्तर

तुम्ही लिहिले आहे की, नवा फोन हाती आल्यावर दोनच दिवसांत तुम्ही जुना फोन फॅक्टरी रीसेट करून देऊन टाकला. आता ईमेलचे खाते सहा अंकी कोड मागते, तो कोड देणारे ऑथेंटिकेटर अ‍ॅप नव्या फोनवर रिकामे उघडते आणि अडचणीच्या वेळी वापरायचे बॅकअप कोड कोणीतरी काढून ठेवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये अडकले आहेत. हे वाचून मला माझेच दिवस आठवले. तुमच्याप्रमाणे मीही अंध आहे, तीही जन्मापासून पूर्ण; १५ हून अधिक वर्षे स्क्रीनरीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रणालीवर, काम करते आहे आणि तरीही नेमक्या याच ठिकाणी चुकले होते. टॉकबॅक (अँड्रॉइडचा स्क्रीनरीडर) किंवा व्हॉइसओव्हर (आयफोनचा) कसे सुरू करायचे, संपर्क नव्या फोनवर कसे आणायचे हे तुम्हाला येतच असणार, त्यामुळे त्यात शिरत नाही. मी सुरक्षातज्ज्ञ नाही, आणि प्रत्येक सेवेचे नियम व मेनू निराळे असतात, हे लक्षात ठेवूनच पुढचे वाचावे.

सर्वांत आधी, स्क्रीनशॉटमधले कोड ओसीआरने, म्हणजे चित्रातील अक्षरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने, वाचून घालून पाहणे आजच थांबवा. माझे सर्वांत मोठे नुकसान तिथेच झाले. दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर कोडही मागण्याची सोय, सुरू केली तेव्हा माझा भाचा शेजारी बसला होता. पडद्यावर दहा बॅकअप कोड आले, त्याने त्यांचा स्क्रीनशॉट घेतला आणि “मावशी, जपून ठेवले आहेत,” असे सांगितले. मी निश्चिंत झाले. त्याने प्रामाणिकपणे मदत केली होती; ज्या स्वरूपात ते कोड ठेवले गेले ते मला स्वतःला वाचता येते का, हे तपासण्याचे काम माझे होते आणि ते मी केले नाही. पुढे फोन बदलला, जुना पुसला आणि त्या चित्राची गरज पडली. ते कोड इंग्रजी अक्षरे आणि अंक यांच्या मिश्रणाचे होते. ओसीआरने कुठे शून्याचे ‘ओ’ केले, कुठे एकाच्या अंकाचे स्मॉल ‘एल’ केले, तर एका ठिकाणी पाचाच्या जागी ‘एस’ आणून ठेवला. चित्र पाहणाऱ्या माणसाला अशा जागी निदान शंका येते. ऐकणाऱ्याला ती येत नाही, कारण ओसीआरने जे अक्षर ठरवले तेच स्क्रीनरीडर स्वच्छ आणि ठामपणे उच्चारतो. मी एकामागून एक कोड घालत गेले, प्रत्येक चुकीची नोंद होत गेली आणि अखेर त्या सेवेने खात्यावर बाहेरून हल्ला होत असल्याचे मानून ते पूर्ण गोठवले. तोपर्यंत जो प्रश्न एखाद्या विश्वासू डोळस माणसाने दहा मिनिटांत चित्र वाचून सोडवला असता, तो त्यानंतर अकरा आठवडे चालला.

म्हणून ते चित्र तुमच्या पूर्ण विश्वासातल्या एकाच माणसाकडून अक्षर न अक्षर वाचून घ्या. कॅपिटल कोणते, स्मॉल कोणते, हा शून्य आहे की अक्षर, हे त्याला प्रत्येक जागी स्पष्ट सांगायला लावा. बी माय आईजसारख्या सेवेवर अनोळखी स्वयंसेवक मनापासून मदत करतात आणि इतर शेकडो कामांसाठी मीही ती वापरते, परंतु खात्याची किल्ली अनोळखी माणसाला दाखवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. तेच चित्र वर्णनासाठी कोणत्याही एआय अ‍ॅपवर चढवण्याविषयीही माझे मत हेच आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे, तुमच्या संगणकावर, टॅबलेटवर किंवा ब्रेल नोटटेकरवर (ब्रेलमध्ये लिहिण्या-वाचण्याच्या छोट्या उपकरणावर) ते खाते अजून उघडे आहे का ते पाहा. उघडे असेल तर तिथून लॉगआउट करू नका, ब्राउझरमधील कुकीज पुसू नका आणि घाईने दुसरीकडून पासवर्डही बदलू नका, कारण पासवर्ड बदलल्यावर काही सेवा बाकीची सर्व उपकरणे बाहेर काढतात. ओळखीच्या उपकरणावरून सुरक्षेच्या सेटिंगमध्ये जाऊन जुने ऑथेंटिकेटर काढून नवे जोडता येण्याची शक्यता बरीच असते. माझ्या संगणकावर खाते उघडेच होते. नव्या फोनवर जमत नाही म्हणून “सगळे नव्याने सुरू करावे” या विचाराने मी तिथूनही बाहेर पडले. ही माझी दुसरी चूक.

आता ज्या सेवेने माझे खाते गोठवले तिच्या कार्यालयाविषयी, ज्याचे नाव मी घेणार नाही. खाते परत मिळवण्यासाठी त्यांनी व्हिडिओद्वारे चेहरा पडताळण्याची अट घातली. कॅमेऱ्यासमोर बसल्यावर पडद्यावरच्या लंबवर्तुळात चेहरा आणायचा, लिहून येणाऱ्या सूचनांप्रमाणे मान वळवायची, डोळ्यांची उघडझाप करायची आणि हे सर्व काही सेकंदांत पूर्ण करायचे, अशी ती पद्धत होती. सूचना चित्राचा भाग म्हणून येत होत्या, त्यामुळे स्क्रीनरीडर पूर्ण गप्प राहिला. माझ्या पापण्या लहानपणापासून अर्ध्याच उघडतात, त्यामुळे उघडझापेची अट मला पाळताच येत नव्हती. चार वेळा नकार आल्यावर मी दूरध्वनी केला, तेव्हा “सोबत कोणी डोळस माणूस घेऊन बसा, ते तुम्हाला सांगतील,” असे उत्तर मिळाले. मी बहिणीला शेजारी बसवले, तर चित्रणात दुसऱ्या व्यक्तीचा आवाज आला या कारणावरून पाचवा अर्ज बाद झाला. एक विभाग मदतनीस आणा म्हणतो आणि दुसरा विभाग मदतनीस आणला म्हणून नाकारतो, या दोन वाक्यांच्या मध्ये माझे सहा आठवडे गेले. त्या खात्यात एका कामाच्या प्रस्तावाचे पत्र येऊन पडले होते आणि उत्तराची मुदत संपल्यावरच मला ते वाचायला मिळाले. त्या गोष्टीचे दुःख आजही कमी झालेले नाही.

शेवटी एका कर्मचाऱ्याने दूरध्वनीवरच पडताळणी केली. खाते साधारण कोणत्या महिन्यात उघडले, अलीकडे कोणाकोणाला पत्रे लिहिली, कोणते फोल्डर तयार केले होते, असे प्रश्न तिने विचारले आणि वीस मिनिटांत काम संपले. हा मार्ग त्यांच्याकडे पहिल्या दिवसापासून होता. तो मागितल्याखेरीज कोणी सांगितला नाही. तुमच्यावर अशी वेळ आली तर पहिल्याच पत्रात “मी अंध आहे, चेहऱ्याच्या पडताळणीला पर्यायी पद्धत द्यावी” असे लेखी मागा, तक्रारीचा क्रमांक घ्या आणि पुढचा प्रत्येक संवाद त्याच क्रमांकाखाली ठेवा.

पत्रात “तुमचे संकेतस्थळ अंधांना वापरता येत नाही” एवढेच लिहिले, तर बहुधा ठरावीक उत्तर येते. त्याऐवजी वेबच्या सुगम्यतेचे डब्ल्यूसीएजी नावाचे आंतरराष्ट्रीय मानक घ्या, ज्याची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि त्यातील निकषाचा क्रमांक लिहा. कॅप्चा (समोर यंत्र नसून माणूस आहे हे तपासणारे कोडे) केवळ चित्रांचा असेल आणि ध्वनीसारखा दुसऱ्या इंद्रियाला कळणारा पर्याय नसेल, तर निकष १.१.१. पासवर्ड किंवा कोड पेस्ट करू न देता अक्षर न अक्षर टाइप करायला लावत असतील, तर निकष ३.३.८. वेळेची मर्यादा वाढवता येत नसेल, तर निकष २.२.१, मात्र यात काही अपवाद मान्य आहेत. इथे एक चूक अनेकजण करतात, म्हणून सांगते: चित्रांतील वस्तू ओळखायला लावणाऱ्या कॅप्चासाठी ३.३.८ चा आधार घेऊ नका, कारण त्या निकषात वस्तू ओळखण्याला सूट आहे. तिथे १.१.१ च लागू पडतो. हे मानक म्हणजे कायदा नव्हे, तरीही क्रमांक लिहिल्यावर पत्र तांत्रिक विभागाकडे जाते, असा माझा अनुभव आहे.

खाते परत मिळाल्यावर काय करावे, याविषयी माझी मते जरा आग्रही आहेत. ऑथेंटिकेटर जोडताना पडद्यावर क्यूआर कोड येतो आणि त्याच्या जवळ “स्कॅन करता येत नाही” अशा अर्थाचा दुवा असतो. आपण तोच दुवा उघडावा. त्यातून अक्षरांच्या रूपात एक गुप्त किल्ली मिळते, जी स्क्रीनरीडर वाचतो आणि जी कॉपी करता येते. सहा अंकी कोड हा ही किल्ली आणि घड्याळातील वेळ यांच्यावरूनच काढला जातो. २०११ मध्ये आरएफसी ६२३८ या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजात मांडलेली ही पद्धत आहे आणि कोड बहुतेक ठिकाणी दर ३० सेकंदांनी बदलतो. कोड काढायला ना इंटरनेट लागते, ना विशिष्ट फोन. म्हणजेच तीच किल्ली दोन उपकरणांत घातली, तर दोन्ही उपकरणे एकाच क्षणी तोच कोड देतात, फक्त दोघांचे घड्याळ बरोबर असले पाहिजे. हे मला आधी माहीत असते, तर जुना फोन पुसल्याने काहीच बिघडले नसते. या किल्लीत इंग्रजी ‘ए’ ते ‘झेड’ ही अक्षरे आणि २ ते ७ हेच अंक येतात. त्यामुळे कोणी वाचून दाखवताना “शून्य” म्हणाले, तर ते अक्षर ‘ओ’ आहे हे निश्चित. बॅकअप कोडना मात्र असा कोणताही नियम लागू नाही.

कोड ऐकण्याचीही एक अडचण आहे. स्क्रीनरीडर कधी सहा अंक सलग संख्या म्हणून लाख-हजारांत वाचतो, तर कधी तीन-तीन अंकांचे शतक करून वाचतो, आणि ते मनात उलगडेपर्यंत कोड बदलतो. टॉकबॅकच्या वाचन नियंत्रणात किंवा व्हॉइसओव्हरच्या रोटरमध्ये (वाचनाची पद्धत निवडण्याच्या चक्रात) “अक्षर” हा पर्याय निवडून एकेक अंक ऐकावा, किंवा अ‍ॅपमधून कोड थेट कॉपी करावा. मी कोड बदलण्याची वाट पाहते आणि नवा आल्यावरच सुरुवात करते, म्हणजे पूर्ण अवधी हाती राहतो.

बॅकअप कोड मी आता ब्रेलमध्ये कागदावर लिहून ठेवते, आणि ते लिहून झाल्यावर त्याच दिवशी बोटांनी वाचून पडद्यावरच्या मजकुराशी ताडून पाहते. यात एक सावधगिरी आहे. ब्रेलमध्ये १ ते ९ आणि ० हे अंक म्हणजे ‘ए’ ते ‘जे’ हीच अक्षरे, फक्त आधी ३-४-५-६ या ठिपक्यांचे अंकचिन्ह असते. अंकानंतर लगेच ‘ए’ ते ‘जे’ पैकी अक्षर आले आणि ५-६ ठिपक्यांचे अक्षरचिन्ह द्यायचे राहिले, तर ते अक्षर पुढे अंक म्हणूनच वाचले जाते. कॅपिटल अक्षराआधीचा सहावा ठिपकाही विसरू नये. ज्यांना ब्रेल येत नाही, त्यांनी प्रत्येक अक्षराचा स्पष्ट उच्चार करून कोड जुन्या पद्धतीच्या, इंटरनेटशी न जोडलेल्या रेकॉर्डरवर ध्वनिमुद्रित करावेत. खात्याचे कोड त्याच खात्यात किंवा त्याच फोनमध्ये ठेवणे म्हणजे काहीच न ठेवण्यासारखे आहे.

खर्च परवडत असेल आणि तुमची सेवा स्वीकारत असेल, तर यूएसबीवर लागणाऱ्या दोन सुरक्षा-किल्ल्या घ्या. त्यात वाचायला काहीच नसते. किल्ली लावायची, बोटाने स्पर्श करायचा आणि काम झाले. दोन्ही एकाच वेळी नोंदवा, एकीवर उंचवट्याची खूण चिकटवा आणि दुसरी वेगळ्या जागी ठेवा. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या कुलपानेच खाते उघडण्याची सोय, हीही मला सोयीची वाटते, परंतु ती पुन्हा फोनच्या किंवा त्याच्या मुख्य खात्याच्या भरवशावर असते, म्हणून तेवढीच एक ठेवू नये.

चेहऱ्यावरून आठवले. आयफोनवर पहिल्यांदा मांडणी करतानाच व्हॉइसओव्हर सुरू असेल, तर फेस आयडीतील “लक्ष देणे आवश्यक” ही अट आपोआप बंद राहते, म्हणजे डोळे कॅमेऱ्याकडे वळवावे लागत नाहीत. सोय मोठी आहे, पण झोपेत असताना कोणी फोन चेहऱ्यासमोर धरला तर तो उघडू शकतो, हे माहीत असू द्या. ही सोय फोन बनवणाऱ्याला सुचू शकते, तर पडताळणी करणाऱ्या कार्यालयांना का सुचू नये, हा माझा प्रश्न कायम आहे.

आणि जुना फोन. नव्या फोनवर स्क्रीनरीडर नीट बोलतो, प्रत्येक महत्त्वाच्या खात्यात तुम्ही स्वतः, कोणाच्या मदतीशिवाय, एकदा पूर्ण बाहेर पडून पुन्हा आत गेला आहात, आणि त्यानंतर किमान एक महिना उलटला आहे, या तिन्ही गोष्टी झाल्याखेरीज जुना फोन पुसू नये. घरचे लोक “आता याचा काय उपयोग” असे म्हणतील. तरीही तो चार्ज करून ठेवावा.

सध्या मात्र मला दोनच गोष्टी कळवा: संगणकावर ते खाते अजून उघडे आहे का, आणि आतापर्यंत किती वेळा चुकीचा कोड घातला गेला आहे. त्यावरून आधी कार्यालयाला लिहायचे की घरूनच प्रयत्न करायचा, ते सांगता येईल. पत्राचा मसुदा लागला तर मी पाठवलेल्या पत्रातील मजकूर इथे देईन.