गच्चीवर पत्र्याचं शेड टाकताय? आधी कडा बघा

पुण्यात धायरीला गच्चीवर शेड करताय ना, मग पत्र्याचा रंगबिंग नंतर, आधी कडा. पत्रा भिंतीशीच संपवू नका, पन्हळीत, म्हणजे कडेला पाणी वाहून नेणाऱ्या गटारात, दोनेक इंच आत यायला हवा, नाहीतर पाणी पत्र्याच्या खालच्या अंगाला चिकटून मागे येतं आणि भिंत ओली. पन्हळीला पाइपाकडे उतार हवाच.

दुसरं म्हणजे हवा. कबुतरं येतात म्हणून लोक पावळीखालची, म्हणजे पत्र्याच्या खालच्या कडेखालची, फट सिमेंटने बुजवतात आणि एप्रिलमध्ये शेडची भट्टी होते! तिथे जाळी मारा. वर नुसता टर्बो व्हेंटिलेटर (वाऱ्याने फिरून गरम हवा बाहेर काढणारा गोल पंखा) बसवून भागत नाही, त्याला खालून हवा मिळायला वाट लागते, खाली फट नि वर व्हेंटिलेटर दोन्ही हवं. पश्चिमेच्या जाळीवर छोटी झडप लावा, पावसाळ्यात झड तिकडूनच येते. इन्सुलेशनचं (उष्णता अडवणाऱ्या थराचं) नंतर बोलू, बिनधास्त सुरू करा.