विचारा मावशींना : कँटीनमध्ये डोळे मिटावे की नाही?

प्रश्न : मी संगमनेरकडची. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगला आहे. घरी आजीपासून आम्ही ख्रिस्ती, उपासनेला जाणारे; पण नाव-आडनावावरून कुणाला कळत नाही आणि खोलीवरच्या मुलींना मी सांगितलेलं नाही. परवा कँटीनमध्ये कुणीतरी म्हणालं, "पैसे घेऊन बाटतात लेकाचे." सगळ्या हसल्या. मीही हसले. जेवणाआधीची प्रार्थना मी मोबाईल बघत असल्यासारखी करते. गोव्यात वाटेवाटेवर खुरीस (क्रूस) आहेत, तरी मला भीती वाटते. माझा विश्वास खोटा आहे का?

उत्तर : खोटा असता तर हसून विसरली असतीस, पत्र कशाला लिहिलं असतंस?

दासीनं विचारल्यावर येशूचा शिष्य पेत्र 'मी त्याला ओळखत नाही' म्हणाला, ही गोष्ट तू शंभरदा ऐकली असशील. आमचे पाळक (धर्मगुरू) त्या नकारानंतर कोंबडा आरवला की तिथंच थांबतात. तू पुढं जा, बायबलातलं 'प्रेषितांची कृत्ये', चौथा अध्याय वाच. पेत्र आणि योहान यांना येशूबद्दल बोलू नका असा दम देऊन सोडलं, तेव्हा ते थेट आपल्या माणसांत गेले. सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली, पण धमक्या थांबव असं मागितलं नाही. बोलायला धैर्य दे म्हणाले. म्हणजे भीती होतीच की! तुझ्याजवळ नाहीत ती 'आपली माणसं'. रविवारी खोलीत कपडे धूत बसू नकोस. वास्को, मडगाव, जिथं जमेल तिथं मंडळी (चर्च) शोध. एकटीनं धीट होणं फार अवघड.

वेर्ण्याहून सांकवाळ आणि बाणावली दोन्ही जवळ. कॅथलिक पाद्री संत जोसेफ वाझ १६५१ साली बाणावलीत जन्मले, आईवडिलांपैकी एकाचं घराणं सांकवाळचं. आपण प्रोटेस्टंट संतांना नवस बोलत नाही, पण शिकायला कुणाची हरकत? लंकेत डचांनी कॅथलिक पाद्रींना बंदी केली होती. वाझ १६८७ मध्ये फाटक्या वेषात तिथं पोचले आणि गळ्यात जपमाळ घालून दारोदार भीक मागत फिरले. ज्याला ओळखायचं तो ओळखील, एवढाच हिशेब. पुढं लंकेतल्याच कँडीत हेर समजून कैदेत टाकलं, तर तिथं सिंहली शिकले. १६९७ मध्ये देवीची साथ आली, लोक रोग्यांना टाकून पळाले, हे शुश्रूषा करत राहिले. मी नर्स होते. देवी नाही, पण गोवर-कांजिण्यांचा वॉर्ड पाहिलाय; तिथं टिकायला काय लागतं ते ठाऊक आहे. त्यांनी चौकात उभं राहून घोषणा दिल्या नाहीत, आणि माळही खिशात लपवली नाही.

तर कँटीनमध्ये भाषण नको. जिच्याबरोबर चहा पितेस त्या एकीला आधी सांग. पुन्हा तसा विनोद झाला तर हसू नकोस, एवढं पुरे. कुणी विचारलंच तर म्हण, "आम्ही आजीपासून ख्रिस्ती. पैसे मिळाले असते तर पॅकिंगला आले असते का गं?" पेत्रानंच पुढं पत्रात लिहिलंय, आशेबद्दल कुणी विचारलं तर उत्तर द्या, पण सौम्यतेनं. डोळे मीट किंवा उघडे ठेव, देवाला ऐकू येतं. मोबाईलचं नाटक मात्र बंद कर.

खोलीतून काढायची किंवा मारायची धमकी कुणी दिली, तर ती गुपचूप सोसायची नाही. घरी आणि मंडळीत सांग, गरज पडल्यास पोलिसांत जा. आपला धर्म पाळायचा हक्क राज्यघटनेच्या २५व्या कलमानं तुलाही दिलाय.

प्रश्न : रात्री भीती वाटते. बायबलातलं स्तोत्र ९१ लिहून उशीखाली ठेवलं तर चालेल का? (वाचक, डिचोली)

उत्तर : उशीखाली नको, तोंडपाठ करा. आणि लक्षात असू द्या, येशूला मंदिराच्या शिखरावरून उडी मार म्हणताना सैतानानं याच स्तोत्राचा आधार घेतला होता. ताईत म्हणून वापरायचं तर त्यालाही जमतं. झोप महिनोन्‌महिने लागत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. त्यानं विश्वासाला कमीपणा येत नाही.