जंक्शन म्हणजे फक्त रेल्वेचं का?
नाही, शब्द बराच फिरलेला आहे. मूळ लॅटिन 'युंगेरे', म्हणजे जोडणे. संस्कृत 'युज्' धातू, म्हणजे आपला 'योग', त्याचाच नातलग. रेल्वेत मार्ग जिथे मिळतात किंवा फुटतात ते जंक्शन, हे माहीतच आहे.

मला सर्वांत सुंदर वाटतो तो इलेक्ट्रॉनिक्समधला अर्थ: पी (इलेक्ट्रॉनची उणीव असलेले) आणि एन (जादा इलेक्ट्रॉन असलेले) प्रकारचे अर्धवाहक भिडतात ती सीमा. अशी सीमा असलेल्या सिलिकॉन डायोडला, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागाला, साधारण ०.७ व्होल्ट मिळाले की वीज वाहू लागते; उलट दिशेने जवळजवळ नाहीच. एलईडी आणि सौरघट याच सीमेवर चालतात.

शरीरात चेता आणि स्नायू भेटतात तेही जंक्शन, पण तिथे मध्ये बारीक फट असते आणि निरोप ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन पोचवतं. डेटाबेसमध्ये दोन तक्ते जोडणारा तिसरा तक्ता, तोही जंक्शन टेबल.