झाडावर चढायची घाई आणि पाचपाखाडीतला पर्जन्यवृक्ष

तुमचा प्रश्न वाचला आणि 2017 सालचा मीच डोळ्यांसमोर आलो. तुम्ही लिहिलंय, झाडं छाटायचं काम शिकायला चार महिने एका जाणत्या माणसाच्या हाताखाली काढलेत. रोज कळव्याहून जायचं, तोडलेल्या फांद्या ओढायच्या, दोर गुंडाळायचे, खाली उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना थांबवायचं. वर मात्र चढू देत नाहीत. त्यात सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतायत, गेटजवळचा गुलमोहर तुम्हीच छाटा. हार्नेसही, म्हणजे चढताना अंगाला बांधायचा पट्टा, घेऊन झालाय. आता त्यांना सोडून स्वतःच चढू का, हा तुमचा प्रश्न. माझं उत्तर एवढंच: गुलमोहराला हात लावू नका आणि त्या माणसाला सोडू नका.

आधीच सांगतो, मी प्रमाणपत्रवाला आर्बोरिस्ट, म्हणजे झाडांची निगा-छाटणी करणारा तज्ज्ञ, नाही. काम करत करत शिकलो, अजून शिकतोय. गाठी, हेल्मेट, चढण्याआधी दोर तपासणं हे तुम्हाला येत असणार, त्यात जात नाही.

मी ज्यांच्याकडे शिकलो त्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो. तेही मला वर जाऊ देत नव्हते. सहा महिने मी त्यांची लाकडी मोगरी, म्हणजे ठोकायचा हातोडा, सांभाळली. झाडाजवळ गेलं की आधी बुंधा ठोकायचा, आवाज ऐकायचा. भरीव लाकडाचा वेगळा, पोकळ लाकडाचा वेगळा. मग मुळांपाशी बसून अळंबी आहे का बघायचं. मग मान वर करून दुबेळक्यात, म्हणजे खोडाला दोन फाटे फुटतात तिथे, साल आत दबलीय का ते बघायचं. रोज तेच. मला वाटायचं, हा माणूस मुद्दाम अडवतोय.

त्या मे महिन्यात मामा आठवडाभर गावी गेले. ठाण्यात पाचपाखाडीतल्या एका सोसायटीत पर्जन्यवृक्षाची मांडीएवढी आडवी फांदी पार्किंगवर आली होती. छाटणीची परवानगी होती, कमिटीला पावसाच्या आत काम हवं होतं, आणि मला स्वतःला सिद्ध करायचं होतं. मी एकटा चढलो. खाली दोर धरायला वॉचमन.

फांदी बुंध्याजवळ वरून कापायला घेतली. फक्त वरून. अर्ध्यावर करवत गेली असेल नसेल, फांदी स्वतःच्या वजनाने बसली. तुटली नाही, सालीला धरून खाली लोंबली आणि जाताना बुंध्याची चार फूट साल सोलत गेली. तो आवाज अजून कानात आहे. फांदीचं बूड माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावरून गेलं. मला लागलं नाही म्हणून सगळे म्हणाले, चला, वाचलात.

खरं नुकसान मी त्यानंतर केलं. जखम ओबडधोबड दिसत होती, म्हणून उरलेला खुंट बुंध्याशी अगदी सपाट कापला. गुळगुळीत, सुताराने रंधा मारल्यासारखा. वरून डांबर फासलं. कमिटीने काम सफाईदार झालं म्हणून कौतुक केलं.

मामा परत आले, बघितलं, बराच वेळ बोलले नाहीत. मग फांदीच्या बुडाशी जो सुजल्यासारखा फुगीर भाग असतो, तो दुसऱ्या झाडावर बोटाने दाखवला. इंग्रजीत त्याला कॉलर म्हणतात, मामा फांदीचं मनगट म्हणायचे. 'हात काढायचा तर मनगटाच्या पुढे काढ, तू खांदाच काढलास.' माणसाच्या कातडीसारखी झाडाची जखम भरून येत नाही. झाड कुजणारा भाग आतून भिंती घालून वेगळा पाडतं आणि बाहेरून नवीन लाकडाने झाकत आणतं. अमेरिकेच्या वनसेवेतल्या अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी-आडवी चिरून हे दाखवून दिलं. त्या भिंतीची तयारी मनगटात असते. ते कापलं की बुरशीला थेट बुंध्याची वाट मोकळी होते. डांबर किंवा ऑइल पेंट लावून कूज थांबत नाही, उलट आत ओल कोंडून राहू शकते.

जाड फांदीला तीन काप लागतात. पहिला बुंध्यापासून फूट-दीड फूट लांब, खालून, पाव ते तिहाई जाडीपर्यंत. दुसरा त्याच्या किंचित पुढे, वरून. वजन तिथेच सुटून जातं आणि साल सोलायची थांबते. तिसरा मनगटाच्या लगेच बाहेर, उरलेला खुंट काढायला. हे मला पाठ होतं. व्हिडिओत वीस वेळा पाहिलं होतं. वर गेल्यावर पायाखाली झाड हलतं, खालून लोक बघत असतात, तेव्हा पाठ केलेलं उपयोगी पडत नाही. ते हातात बसायला खालचे महिने लागतात.

2020 च्या पावसाळ्यात त्या पर्जन्यवृक्षावर, मी कापलेल्या जागेखाली, अळंबी दिसली. मोगरीने ठोकलं तर ढब्ब आवाज. त्या बाजूचं वजन हलकं केलं असतं तर झाड बरीच वर्षं टिकलं असतं, असं मामांचं आणि माझंही मत होतं. तसा अर्ज घेऊन हिवाळ्यात एका कार्यालयात, नाव घेत नाही, पाच खेपा घातल्या. दर वेळी टेबल वेगळं, उत्तर तेच: धोकादायक असेल तर तोडण्याचा अर्ज द्या, नसेल तर नेहमीची छाटणी मागा. कोणती फांदी, कुठे, किती, हे लिहायला त्यांच्या नमुन्यात जागाच नव्हती. झाड बघायला कुणी आलं नाही. 17 मे 2021 ला तौक्ते वादळात ती बाजू फाटून कंपाउंडवर पडली. त्यानंतर मात्र पूर्ण झाड तोडायची परवानगी चार दिवसांत मिळाली. मला आजही त्याचा राग येतो. पण सुरुवात माझ्या करवतीने झाली होती, हेही तितकंच खरं.

आता तुमच्या हार्नेसबद्दल. मुंबईच्या नागदेवी बाजारात किंवा सेफ्टीच्या दुकानात मिळतो तो बांधकामावरचा असेल, तर त्याची कडी पाठीवर असते. पडणाऱ्याला अडवायला तो ठीक. झाडावर आपल्याला तासन्‌तास बसून काम करायचं असतं, त्यासाठी कमर-मांड्यांना धरणारा आणि पुढे कडी असलेला लागतो. कापताना कायम दोन ठिकाणी बांधलेलं असा, मुख्य दोर आणि कमरेचा आखूड दोर. पॉलीप्रॉपिलीनच्या (प्लास्टिकच्या) स्वस्त दोरावर प्रुसिक, म्हणजे दोराला आवळून धरणारी सरकती गाठ, घालून उतरू नका, घर्षणाने तो वितळतो. जिवंत झाडाच्या छाटणीला पायात चढायचे खिळे नकोत, प्रत्येक पावलाला एक जखम होते. वीजतारेच्या दहा फुटांच्या आत फांदी असेल तर वीज कंपनीकडून लाइन बंद करून घेतल्याशिवाय चढू नका, ओली फांदीही करंट आणते.

झाडांच्या स्वभावाबद्दल जुनी माणसं सांगतात ते मी मानतो. चिंच वाकेल पण सहजी तुटणार नाही. जांभूळ आणि शेवगा यांचा भरवसा धरू नये. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, लवकर कुजतं, आणि आत पोकळ असूनही वर फुललेला असतो. म्हणून शिकाऊ माणसाचं पहिलं झाड गुलमोहर असू नये, हे माझं ठाम मत. कुणाला पटणार नाही, हरकत नाही.

सेक्रेटरींना सांगा, लेखी परवानगी हातात आल्याशिवाय काहीच होणार नाही. महाराष्ट्राच्या 1975 च्या झाडांच्या कायद्यात झाड तोडणं या शब्दात झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणंही धरलंय. आपल्या महापालिकेची सध्याची पद्धत उद्यान विभागात विचारून घ्या, माझ्या माहितीवर विसंबू नका. आणि शेंडाच उडवा, सगळं बोडकं करा असं कमिटी म्हणाली तर ऐकू नका. एका हंगामात हिरव्या पसाऱ्याच्या पाव हिश्श्याहून जास्त काढू नये. एप्रिल-मेमध्ये काम असेल तर आधी घरटी बघा.

तुमच्या गुरूंना एकदा विचारा, मोगरी माझ्या हातात द्याल का. मला वाटतं, ते हो म्हणतील. त्या गुलमोहराचा फोटो इथे टाका, पण फुलांचा नको. बुंध्याचा तळ आणि पहिलं दुबेळकं दिसेल असा काढा, बघून काय वाटतं ते सांगतो.