एवढा हुशार पोरगा, मग दोन ओळी लिहायला का रडतो?

न्यू जर्सीहून सुट्टीला नाशिकला आलेल्या एका ताईंचा मेल आलाय. मुलगा नऊ वर्षांचा, आजी-आजोबांचं घर गंगापूर रोडला. तिकडची शाळा म्हणते सगळं ठीक आहे, इकडे आजोबा म्हणतात लाडावलाय, आणि आई बिचारी मधल्यामध्ये. ताई, तुमचा मेल मी दोनदा वाचला, त्यात पांडवलेणीचा जो प्रसंग तुम्ही जाता जाता लिहिलाय ना, मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटला, म्हणून बाकीच्यांसाठी आधी तो सांगते.

पाऊस उघडल्यावर सगळे लेण्यांवर गेले. तीन नंबरच्या लेण्यात सातवाहनांच्या राजमाता गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, तिथून हा पोरगा हलेचना. त्यातल्या ब्राह्मी या जुन्या लिपीत क म्हणजे अधिकचं चिन्ह, ठ म्हणजे नुसता गोल आणि त्याच गोलात टिंब दिलं की थ, हे त्याने आजीला हवेत बोटाने काढून दाखवलं, कुणी शिकवलेलं नाही, यूट्यूबवर बघून स्वतःच शिकलाय. शेजारी उभी असलेली कॉलेजची मुलंसुद्धा ऐकत थांबली. संध्याकाळी आजी कौतुकाने म्हणाली, आता हेच पाच ओळीत लिहून दाखव, मराठीत नको, इंग्लिशमध्ये लिही. पाऊण तासात दोन ओळी झाल्या. पेन्सिल इतकी घट्ट धरलेली की बोटांची टोकं पांढरी पडलेली, खोडून खोडून कागदाला भोक, आणि मग टेबलाखाली जाऊन बसला आणि म्हणाला, "आय ॲम डंब."

हे आळशी मुलाचं लक्षण नाही हो. आळशी मूल पाऊण तास बसतच नाही.

मी २२ वर्षं नाशिकमध्ये अशा मुलांना शिकवतेय. मुलगा अतिशय हुशार आणि त्यालाच एखादी खरी अडचण, वाचण्यातली अडचण म्हणजे डिस्लेक्सिया, लिहिण्यातली अडचण म्हणजे डिसग्राफिया, लक्ष टिकवण्यातली अडचण म्हणजे एडीएचडी किंवा ऑटिझम, हे एकाच मुलात असू शकतं, त्याला ट्वाइस एक्सेप्शनल म्हणतात. तुमच्या मुलाला यातलं नेमकं काय आहे ते मेलवरून मी सांगणार नाही, त्यासाठी नीट तपासणीच हवी. पण होतं काय, की हुशारीमुळे अडचण झाकली जाते, कारण पोरगं डोकं चालवून कसंबसं वर्गाच्या बरोबरीने राहतं, आणि अडचणीमुळे हुशारी झाकली जाते, कारण वहीत काहीच दिसत नाही. मग शाळेला दिसतो एक मध्यम मुलगा. बरोबरीने राहायला त्याला किती कष्ट पडतात ते फक्त घरी दिसतं, शाळेतून आल्यावर दप्तर फेकून तो जो रडतो ना, त्यात.

शाळा म्हणते मार्क ठीक आहेत म्हणून तपासणी नको, तर तिथे माघार घेऊ नका. अमेरिकेत अशा मुलांच्या शिक्षणासाठी आयडिया नावाचा कायदा आहे, त्याच्या नियमांत स्पष्ट आहे की मूल नापास झालेलं नसलं, दरवर्षी वरच्या वर्गात जात असलं, तरी ते मदतीला पात्र असू शकतं. शाळा उघडली की तपासणीची मागणी लेखी करा, तोंडी बोलणं धरू नका, तारखेसकट ईमेल, सोबत त्या दोन ओळींच्या कागदाचा फोटो आणि लेण्यातला त्याचा बोलतानाचा व्हिडिओ असेल तर तोही, दोन्ही शेजारी शेजारी. शाळेने मागणी नाकारली तर कारण लेखी मागा. पालकांनी संमतीची सही केल्यापासून साधारण ६० दिवसांत तपासणी व्हायला हवी, काही राज्यांची मुदत वेगळी आहे. आयईपी, म्हणजे त्या मुलापुरता बनवलेला खास शिक्षणाचा आराखडा, नाही मिळाला तरी ५०४ प्लॅनमध्ये, म्हणजे नेहमीच्या वर्गातच सवलती देणाऱ्या योजनेत, जादा वेळ, कीबोर्ड अशा सवलती मिळू शकतात. इंग्लंडमधल्या वाचकांनी शाळेच्या सेन्कोला, म्हणजे अशा मुलांची जबाबदारी असलेल्या शिक्षकांना, भेटायचं, तिथून सुरुवात.

रिपोर्ट आला की एकटा आयक्यूचा आकडा बघून खूश किंवा नाराज होऊ नका. विस्क या मुलांच्या आयक्यू टेस्टमध्ये वेगवेगळे भाग असतात, भाषेची समज एकदम वर आणि कामाचा वेग एकदम खाली असं असलं तर एकत्र आकडा मधेच कुठेतरी येतो आणि मुलगा साधारण वाटतो. आत केवढी दरी आहे ते विचारा.

आणि एक, मराठी बंद करू नका. "दोन भाषांमुळे गोंधळ होतो" असं अजूनही बरेच जण सांगतात, पण दोन भाषांनी डिस्लेक्सिया होत नाही. तपासणी करणाऱ्याला मात्र घरात मराठी बोलतो हे सांगा. आपल्या लिपीत अक्षर आणि आवाज यांचं नातं इंग्लिशपेक्षा पक्कं, त्यामुळे काही मुलं मराठी बरं वाचतात आणि आईबाबांना वाटतं मग इंग्लिशमध्येच नाटकं करतो. नाटकं नसतात ती. जोडाक्षरं आली, वेग बघितला की तिथेही अडखळणं दिसतं.

ज्याबद्दल मला खरंच तळमळून सांगायचंय ते हे, की अक्षर सुधारेपर्यंत ब्राह्मी बंद, चेस बंद, रोबोटिक्स बंद, असं कृपा करून करू नका. आपल्या घरांत हे सर्रास होतं, माझ्या भाच्याच्या बाबतीत मी स्वतः केलंय आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. दिवसभरात जिथे त्याला आपण कुणीतरी आहोत असं वाटतं, तेवढीच एक जागा आपण काढून घेतो. अक्षराचा सराव वेगळा, रोज दहा मिनिटं, आणि डोक्यातलं बाहेर काढणं वेगळं, ते तोंडी होऊ दे, व्हॉइस टायपिंगवर होऊ दे, ते मराठीतही चालतं.

लेबल लागेल म्हणून आजोबा घाबरतात, समजू शकते. पण त्याने स्वतःला लेबल लावूनच घेतलंय ना, टेबलाखाली बसून. त्यापेक्षा खरं कारण कळलेलं बरं. आणि उद्या भारतात परत यायचं ठरलं तरी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत लर्निंग डिसॅबिलिटी आहे आणि बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात.

तुमचं परतीचं विमान १४ तारखेला आहे म्हणालात. मधल्या रविवारी पुन्हा लेण्यांवर जा, फक्त आजोबा आणि तो. वही आजोबांकडे द्या, तो बोलेल आणि आजोबा लिहितील, तो म्हणेल तसं, मधे एकही शब्द न सुधारता. अक्षरं त्यालाच काढायची असली तर काढू दे. पाच ओळी होतात की पाच पानं, ते मला कळवा.